फुटपाथवरचा माणूस झाडून शहर सुंदर होईल काय?

मुंबईच्या फोर्ट भागात रात्री अकरानंतर एकदा पायी फिरून पाहावे. हुतात्मा चौकातील जुने दगडी कारंजे दुरुस्तीनंतर २०१९ साली पुन्हा सुरू झाले. आजूबाजूच्या व्हिक्टोरियन इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इमारतींवर दिव्यांचे झोत आहेत. शेजारीच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. हातात मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी तेथे उभे आहेत. आणि याच स्मारकापासून हाकेच्या अंतरावर, बंद दुकानांच्या ओट्यांवर आणि कमानींखाली, खरेखुरे कामगार आणि शेतकऱ्यांची मुले पुठ्ठा अंथरून झोपलेली असतात. पुतळ्यातल्या कामगाराला या शहरात मानाची जागा आहे. जिवंत कामगाराला पाठ टेकायला साडेपाच फूट जागा नाही. यालाच आपण शहराचा विकास म्हणायचे काय?

हा प्रश्न आम्हाला वकील म्हणून अधिक टोचतो. कारण मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात फुटपाथांच्या प्रश्नावर सुनावणी सुरू असताना वकिलांच्याच एका संघटनेने अर्ज केला. फाउंटन परिसरातील फुटपाथवर माणसे राहतात आणि झोपतात, त्यांच्याबाबत कारवाई व्हावी, अशी मागणी होती. ज्यांनी काळा कोट घालून राज्यघटनेच्या कलम २१ चा आधार घ्यायचा, त्यांनाच कामावर जाण्याच्या वाटेवर झोपलेला माणूस खुपला! न्यायालयाने मात्र गरिबांना शहरातून घालवून देण्याचा आदेश देण्यास नकार दिला. बेघर असणे हा जागतिक प्रश्न आहे, ही माणसे गरीब असतील पण तीही माणसेच आहेत आणि न्यायालयासमोर इतरांइतकीच समान आहेत, अशा आशयाचे मत खंडपीठाने व्यक्त केले. न्यायमूर्तींनी वकिलांना माणुसकीची आठवण करून द्यावी लागावी, ही आमच्या व्यवसायाची शोकांतिका आहे.

पण दोष एकट्या वकिलांचा नाही. ही दृष्टी शहराच्या धोरणातच मुरलेली आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत सुशोभीकरणाचा सुमारे १,७०० कोटी रुपयांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. उड्डाणपुलांना रंग, खांबांना विजेच्या माळा, भिंतींवर चित्रे, फुटपाथांची डागडुजी. त्याच डिसेंबरात जी-२० परिषदेचे पाहुणे आले, तेव्हा महामार्गालगतच्या वस्त्या दिसू नयेत म्हणून पडदे आणि फलक उभारल्याचे सर्वांनी पाहिले. रस्ते चांगले व्हावेत, दिवे लागावेत, याला आमचा विरोध नाही. चांगला फुटपाथ सर्वात जास्त गरिबालाच लागतो, कारण तोच पायी चालतो. आमचा सवाल वेगळा आहे. शहर सुंदर करण्याच्या हिशेबात खांब, भिंत, झाड, पूल या सर्वांची नोंद होते. तेथे झोपणाऱ्या माणसाची नोंद कोणत्या रकान्यात होते? त्याची नोंद ‘अडथळा’ या रकान्यात होते. आणि अडथळा हा हटवायचाच असतो!

हे आजचे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, हवा-उजेड आणायचा, असा त्याचा उद्देश. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याच काळातील कामे. रस्ते झाले, पण जेवढ्या गरिबांची घरे पडली तेवढ्यांना वेळेवर घरे मिळाली नाहीत आणि माणसे शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीने कोंबली गेली. मात्र या ट्रस्टने थोड्याफार चाळी तरी बांधल्या. परळच्या अशाच बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्यातील वीसहून अधिक वर्षे काढली. महाडच्या सत्याग्रहाच्या काळातही त्यांचे घर तेच होते. म्हणजे सार्वजनिक पैशातून गरिबासाठी बांधलेली एक छोटी खोली देशाला काय देऊ शकते, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. आज शहर ‘सुधारणारे’ अशी एक तरी चाळ बांधत आहेत काय?

पुढचा टप्पा १९८१ चा. त्या वर्षी जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी मुंबईतील फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी यांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वाक्य पाठ असते. परंतु त्याच निकालात पुढे काय आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. फुटपाथवर राहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि महापालिका कायद्याचे कलम ३१४ घटनाबाह्य नाही, असेही न्यायालयाने म्हटले. हे कलम पूर्वसूचनेशिवाय अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देते. तो अधिकार अपवादानेच वापरावा, एरवी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, एवढे न्यायालयाने स्पष्ट केले, आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कारवाई थांबवली. थोडक्यात, पुस्तकात फुटपाथवासी जिंकला आणि फुटपाथवर हरला.

पुढे न्यायालयाची भाषाही बदलली. २००० साली दिल्लीच्या कचऱ्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अतिक्रमण करणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देणे म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देण्यासारखे आहे, अशा आशयाचे वाक्य लिहिले. लक्षात घ्या, खटला कचऱ्याचा होता आणि त्यात उल्लेख आला माणसांचा! या देशात कचरा आणि विशिष्ट माणसे यांची सांगड नवी नाही. मनूच्या व्यवस्थेनेही ज्यांनी घाण उचलायची त्यांनाच घाण ठरवले आणि गावकुसाबाहेर ठेवले. आजच्या शहराला वेस नाही, पण सुशोभीकरणाची हद्द हीच नवी वेस झाली आहे.

तरीही कायद्याने सर्व दारे बंद केलेली नाहीत, हे आमच्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. २०१० च्या थंडीत दिल्लीतील बेघरांचे निवारे पाडल्याचा प्रश्न अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यातून मोठ्या शहरांसाठी एक माप ठरले. दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा, आणि तोही वर्षभर, चोवीस तास चालणारा. २०१३ साली केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच माप स्वीकारले गेले. प्रत्येक माणसामागे किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, असे त्यात लिहिलेले आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी तपासण्यासाठी निवृत्त न्या. कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली.

आता साधा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक. म्हणजे किमान १२४ निवारे हवेत. मुंबईतील निवाऱ्यांची संख्या या आकड्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही. समजा उद्या सर्व १२४ निवारे उभे राहिले, तर त्यांत १२,४०० माणसे मावतील. त्याच जनगणनेत मुंबईत बेघर म्हणून मोजलेली माणसे आहेत सुमारे ५७ हजार. म्हणजे नियम पूर्ण पाळला तरी पाचातल्या जेमतेम एकाला छप्पर मिळेल. उरलेल्या चौघांनी कोठे जावे? आणि ही मोजणीदेखील २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत झालेली. त्या रात्री जो हमाल बाजारात ओझी वाहत होता, जी बाई पोलिसांच्या भीतीने जागा बदलून झोपली होती, ती मोजली गेली असेल याची खात्री कोण देणार?

निवारा बांधायला पालिकेला वर्षानुवर्षे लागतात. उचलून न्यायला एक पहाट पुरते. त्यासाठी हत्यार तयार आहे, १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. या कायद्यातील ‘भीक मागणे’ या शब्दाची व्याख्या वाचली तर कोणीही चक्रावून जाईल. गाणे म्हणणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरत करणे, एखादी वस्तू विकायला पुढे करणे अशा निमित्ताने दान घेणेही त्यात येते. त्याहून भयंकर म्हणजे, ज्याच्या उपजीविकेचे दृश्य साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी भीक मागत असावा असे वाटेल अशा अवस्थेत फिरतो किंवा थांबतो, तोही भिकारीच. म्हणजे गुन्हा करावाच लागत नाही, गरीब दिसावे लागते! पोलिसांना वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात स्थानबद्धता, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. देशाच्या तिजोरीवर दरोडा घालणारे परदेशात सुखाने राहतात. फुलांचा गजरा विकणारी बाई भिक्षेकरी गृहात जाते.

गजऱ्याचे उदाहरण आम्ही उगाच दिलेले नाही. काही वर्षांपूर्वी मोठे पाहुणे येणार म्हणून दक्षिण मुंबईत पहाटे धरपकड झाली. मराठवाड्यातील एक पारधी बाई त्यात सापडली. सिग्नलवर गजरे विकून ती दोन मुलांना पोसत होती. कोणीतरी आम्हाला निरोप दिला म्हणून आम्ही न्यायालयात उभे राहिलो. बाईजवळ गजऱ्यांचा दोरा आणि सुई होती. तोच तिच्या धंद्याचा पुरावा. समज देऊन, बंधपत्रावर सोडता येते अशी तरतूद कायद्यात आहे. पण फुटपाथवरच्या माणसाला जामीनदार कोण राहणार? शेवटी आमच्या विहारातील एका निवृत्त कामगाराने सही केली. बाई सुटली. आम्हाला वाटले, काम झाले. ती मात्र दारातच थांबली आणि म्हणाली, “साहेब, माझं गाठोडं कुठं हाय?”

त्या पहाटे माणसे एका गाडीत आणि सामान दुसऱ्या गाडीत गेले होते. गाठोड्यात दोन लुगडी, एक पातेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे होती. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांच्या नावाची एक जुनी नोंद. आम्ही संबंधित कार्यालयाच्या गोदामापर्यंत गेलो. तेथील कर्मचाऱ्याने सरळ सांगितले, “कचऱ्याचा पंचनामा होत नाही, वकीलसाहेब.” गाठोडे मिळाले नाही ते नाहीच.

वाचकांना वाटेल, कागदच ते, पुन्हा काढता येतील. येथेच खरी मेख आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आपल्या बांधवांना १० ऑगस्ट १९५० ही तारीख ठाऊक आहे. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आहे. पारध्याने १९५० पूर्वीचा कोणता पुरावा आणायचा? तो काळ सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाचा आणि पोलीस ठाण्यातील हजेरीचा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा देशभरातून जाता जाता १९५२ साल उजाडले. ज्यांना राज्याने घर करू दिले नाही, त्यांच्याकडेच राज्य घराचा पुरावा मागते. तीन पिढ्यांत हाती आलेली एकमेव नोंद त्या गाठोड्यात होती. ती गेली आणि मुलीची सवलत गेली. पुढे गावातील दप्तर, जुनी शाळा, तहसील असे हेलपाटे घालून दुसरा पुरावा उभा करायला आम्हाला वर्षाहून अधिक काळ लागला. तोपर्यंत मुलगी आईबरोबर गजरे ओवत होती. एका पहाटेच्या सुशोभीकरणाची किंमत एका मुलीच्या दोन इयत्ता!

म्हणून आम्ही म्हणतो की बेघर असणे हा केवळ घराचा प्रश्न नाही, तो जातीचा प्रश्न आहे. फुटपाथवर रात्री बसून नाव-गाव विचारा. मराठवाड्यातील भूमिहीन मातंग आणि बौद्ध, पारधी, डोंबारी, वडार, बिहार-उत्तर प्रदेशातील दलित आणि गरीब मुसलमान, हीच नावे आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू आली. गावात जमीन नाही म्हणून शहरात आले, शहरात ओळखीचा नातेवाईक नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून योजना नाही. झोपडीला निदान छप्पर असते, त्याला क्रमांक पडतो, पात्रतेची तारीख असते. ज्याला छप्परच नाही त्याच्यासाठी पात्रतेची तारीखदेखील नाही. झोपडपट्टीच्या खालीही एक पायरी आहे आणि त्या पायरीवर कोण आहे हे पाहायला आपली चळवळही फारशी गेलेली नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

काहीजण विचारतात, पादचाऱ्यांनी मग रस्त्यातून चालायचे काय? प्रश्न रास्त आहे. म्हाताऱ्या माणसाला, अंध व्यक्तीला, शाळेच्या मुलाला मोकळा फुटपाथ मिळालाच पाहिजे. पण फुटपाथ मोकळा करण्याचा मार्ग निवाऱ्यातून जातो, पोलीस गाडीतून नाही. दुसरा आक्षेप असा की निवारा दिला तरी हे लोक जात नाहीत. का जातील? काम मस्जिद बंदरात आणि निवारा दूरच्या उपनगरात; पुरुष एकीकडे, बायको-मुले दुसरीकडे; आणि जो हमाल पहाटे कामावरून येतो त्याला दिवसा झोपायला जागा हवी. फुटपाथवरचा माणूस तेथे हौसेने राहत नाही. घाऊक बाजार, स्टेशन, हॉटेलची भांडी, लग्नाचे मंडप येथे त्याची मजुरी आहे. गाडीभाडे वाचवले तरच तो गावी पैसे पाठवू शकतो. निवारा कामाजवळ हवा, ही मागणी चोचल्याची नाही, ती पोटाची आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत शहराच्या व्यापारी गाभ्याला डाउनटाउन म्हणतात. तेथेही दुकानदारी वाढवण्यासाठी, पर्यटक यावेत म्हणून, बेघरांना हटवण्याचे धोरण आहे. ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास या छोट्या शहराने सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपणाऱ्यावर २९५ डॉलरचा दंड ठेवला. निवाऱ्यात पुरेशा खाटा नसताना झोपल्याबद्दल शिक्षा करणे क्रूरपणाचे आहे, असे खालच्या न्यायालयांनी म्हटले होते. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने शहराच्या बाजूने निकाल दिला. झोप ही शरीराची गरज आहे, तो गुन्हा कसा होईल, हा प्रश्न तेथे अल्पमतातील न्यायमूर्तींनी विचारला. आपल्याकडे निदान याच्या उलट दिशेचा एक निकाल आहे. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आपल्याच मुंबईच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याची दिल्लीला लागू असलेली मुख्य दंडात्मक कलमे घटनाबाह्य ठरवली. मुंबईच्या नावाचा कायदा दिल्लीत पडला आणि महाराष्ट्रात मात्र उभा आहे! फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव भाषणात घेणाऱ्या प्रत्येक सरकारने याचे उत्तर द्यावे.

घर नसणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान बडोद्यात नोकरीसाठी गेला, तेव्हा संपूर्ण शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. मित्रांनीही घरात घेण्यास असमर्थता दाखवली. त्या दिवशी ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज एखाद्या उद्यानात गाठोडे घेऊन बसलेल्या माणसाला रखवालदार हटकतो, तेव्हा आम्हाला तो बाक आठवतो. ज्यांनी पुढे या देशाच्या नागरिकाला कोठेही राहण्याचे आणि वसण्याचे स्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेचा मसुदा केला, त्यांना स्वतःला एका शहरात एका रात्रीचा आसरा मिळाला नव्हता. कलम १९ मधील त्या शब्दांमागे काय आहे, हे आपल्याशिवाय दुसरे कोण ओळखणार?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. निवारा तयार असल्याशिवाय कोणालाही हटवू नये. कोणत्याही कारवाईत सामानाचा पंचनामा व्हावा, त्याची पावती द्यावी आणि कागदपत्रे जागेवरच परत करावीत. निवारे बाजार आणि स्टेशनांच्या जवळ असावेत, त्यांत कुटुंबाला एकत्र राहता यावे. सुशोभीकरणाच्या प्रत्येक आराखड्यात तेथे राहणाऱ्या माणसांची यादी आणि त्यांच्या पुनर्वसनाचा खर्च धरल्याशिवाय मंजुरी मिळू नये. भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात रद्द व्हावा. आणि २०२७ साठी जाहीर झालेल्या जनगणनेत, जिच्यात जातनिहाय मोजणी होणार आहे, फुटपाथवरचा प्रत्येक माणूस जातीसह मोजला जावा.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःसाठी. दरवर्षी ६ डिसेंबरला आपले लाखो बांधव दादरला येतात, शिवाजी पार्कात आणि आसपासच्या रस्त्यांवर झोपतात. तेव्हा शहरातील काही लोक नाक मुरडतात, घाणीची भाषा बोलतात. ती भाषा आपल्याला झोंबते. मग तीच भाषा वर्षाचे ३६५ दिवस ज्यांना ऐकावी लागते, त्यांच्या बाजूने आपण उभे राहायला नको काय? प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील फुटपाथवरच्या कुटुंबांची एक वही ठेवावी. कोणाकडे कोणता कागद आहे, कोणाचे मूल शाळेबाहेर आहे, याची नोंद करावी आणि कागदांच्या प्रती विहाराच्या कपाटात जपून ठेवाव्यात. याला पैसा लागत नाही. पुढच्या वेळी पहाटे गाडी येईल तेव्हा निदान एका मुलीचा दाखला तरी त्या गाडीतून जाणार नाही.

जयभीम!